समोरचा पैलवान आपण निवडायचा का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतक्या बारकाईने लेख वाचल्याबद्दल आधी आभार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधी पक्षाचा कोणता उमेदवार आपल्याला सर्वात जड जाईल, याचा पक्षांनी बांधलेला अंदाज वारंवार फसतो. त्या अंदाजाच्या भरवशावर समोरच्या पक्षाच्या निवडीत हात घालणं तर घातकच. तुमचं म्हणणं असं की मी फसलेलीच उदाहरणं वेचून काढली, निक्सन आणि मकॅस्किल यांची यशस्वी उदाहरणं सोयीने गाळली. दुसरं, जनमत चाचण्या हाताशी असताना हा साध्या हिशेबाचा प्रश्न आहे. आणि तिसरं, ‘हे सगळेच करतात. तुम्ही तर तिथे मत देता, तुम्ही कधी केलं नाही का?’ या प्रश्नाला मी बगल देणार नाही, पण त्याकडे शेवटी येतो.

मकॅस्किल यांचं उदाहरण राहून गेलं हे मान्य. २०१२ मध्ये मिझुरीच्या डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मकॅस्किल यांनी रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, स्वतःच्या प्रचाराचे पैसे ओतून जाहिरात केली. टॉड एकिन हे ‘फारच कट्टर’ आहेत अशी ती जाहिरात. ऐकायला टीका, पण रिपब्लिकन मतदाराच्या कानाला ती स्तुतीच. एकिन प्रायमरी जिंकले, थोड्याच दिवसांत बलात्काराविषयी संतापजनक विधान करून बसले आणि मकॅस्किल सुमारे १५ टक्क्यांनी निवडून आल्या. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात डेमोक्रॅट जॉश शापिरो यांनी रिपब्लिकन डग मॅस्ट्रियानो यांच्याबाबतीत जवळपास हेच केलं आणि तेही आरामात गव्हर्नर झाले. तेव्हा डाव कधीच लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण या दोन्ही लढती एका राज्यापुरत्या होत्या, ज्या मतदारांना ते दोघं वर्षानुवर्षं ओळखत होते. अध्यक्षपदाची गोष्ट वेगळी आहे.

निक्सन यांच्या उदाहरणावर मात्र मला थांबावंच लागेल, कारण ते माझ्या दाराशी घडलं. मी न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआला राहतो. इथून अर्ध्या तासावर मँचेस्टर. १९७१ मध्ये तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी हिशेब मांडला की डेमोक्रॅटिक पक्षातला सर्वात धोकादायक माणूस म्हणजे शेजारच्या मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की. सिनेटर टेड केनेडी चॅपाक्विडिकच्या मोटार अपघातात सोबतची तरुणी दगावल्यानंतर मागे पडलेले, आणि चाचण्यांमध्ये मस्की निक्सन यांच्या बरोबरीने, कधी पुढेही. मग मस्की यांना वाटेतून दूर करायचं ठरलं. त्यांच्या कचेरीत स्वयंसेवक म्हणून एक टॅक्सीवाला पेरला गेला. मस्की यांचे कागद इकडून तिकडे पोचवायचं काम त्याच्याकडे, आणि वाटेत त्या कागदांचे फोटो निघायचे. डोनाल्ड सेग्रेटी नावाचा वकील मस्की यांच्या नावाच्या खोट्या लेटरहेडवर इतर डेमोक्रॅट नेत्यांची बदनामी करणारी पत्रं वाटत फिरत होता.

२४ फेब्रुवारी १९७२ रोजी मँचेस्टरच्या वृत्तपत्रात एक पत्र छापून आलं. फ्रेंच-कॅनडियन लोकांना हिणवणाऱ्या शब्दावर मस्की हसले, असं त्यात होतं. पत्र बनावट होतं. पण आमच्या भागातल्या जुन्या कापड गिरण्यांत क्यूबेकहून आलेल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या काम केलंय. त्यांच्या घराघरात ते पत्र पोचलं. त्याच वृत्तपत्राने मस्की यांच्या पत्नीबद्दलही वाईटसाईट छापलं. २६ तारखेला मस्की वृत्तपत्राच्या कचेरीसमोर उघड्या ट्रकवर उभे राहून बोलले, बर्फ पडत होता, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. ते रडले असं बातम्यांत आलं. तो गालावर वितळलेला बर्फ होता, असं ते पुढे म्हणत राहिले. मी इथले बरेच फेब्रुवारी पाहिलेत. पापणीवर पडलेला बर्फ क्षणात पाणी होतो आणि खाली ओघळतो, समोरच्याला फरक कळूच शकत नाही. ७ मार्चला मस्की प्रायमरी जिंकले, ४६ टक्क्यांनी, तरी शेजारच्या राज्यातल्या माणसाला एवढीच मतं म्हणजे हारच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आठवड्याने फ्लोरिडात ते चौथे आले.

पुढचं तुम्ही लिहिलंच आहे: मॅकगव्हर्न डेमोक्रॅटिक उमेदवार झाले आणि निक्सन यांनी ४९ राज्यं जिंकली. म्हणून तुम्ही याला यश म्हणता. मला ते यश वाटत नाही. मस्की यांची व्हिएतनामबद्दलची भूमिका गुळमुळीत होती, प्रचारात जोर नव्हता. या उचापती केल्या नसत्या तरी ते बहुधा गळाले असते. म्हणजे चाचण्यांतला सर्वात बलाढ्य माणूस एक हिवाळाही टिकला नाही, आणि त्याला पाडण्यासाठी उभी केलेली गुप्त पैशांची आणि हेरगिरीची यंत्रणा मात्र टिकली. त्याच वातावरणात, निक्सन यांच्या प्रचार समितीच्या पैशांवर १७ जून १९७२ ची वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीतली घुसखोरी झाली. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन यांना पद सोडावं लागलं. २३ टक्क्यांच्या फरकाने जिंकणाऱ्या माणसाला याची काय गरज होती, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता चाचण्या. गावाकडे जत्रेतल्या कुस्त्यांत जोड लावताना पंच दोघांना शेजारी उभं करून बघायचे. लहानपणी मीही गर्दीतून बघून कोण जिंकणार ते सांगायचो आणि बहुतेक वेळा चुकायचो. अंग दिसतं, दम दिसत नाही. चाचणी अंग मोजते. १९८८ च्या जुलैत डेमोक्रॅट डुकाकिस रिपब्लिकन थोरल्या बुश यांच्या १७ टक्के पुढे होते, नोव्हेंबरात बुश ४० राज्यं जिंकले. त्याच बुश यांच्या कामावर मार्च १९९१ मध्ये, आखाती युद्धानंतर, ८९ टक्के लोक खूश होते. तेव्हा सगळ्यांच्या मते एकच डेमोक्रॅट त्यांना टक्कर देऊ शकला असता, न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो. २० डिसेंबर १९९१ ला ऑल्बनीच्या धावपट्टीवर विमान तयार उभं होतं, आमच्या राज्यात येऊन अर्ज भरण्याची त्या दिवशी शेवटची मुदत होती, आणि क्युओमो विमानात बसलेच नाहीत. बुश यांना हरवलं ते आर्कान्सासारख्या छोट्या राज्याच्या गव्हर्नरने, बिल क्लिंटन यांनी. हिशेब कुठे चुकला? चाचणी करणाऱ्यांनी आकडे खोटे दिले नव्हते. उमेदवार वर्षभरात बदलतो, त्याच्याभोवतीचा देश बदलतो, आणि प्रायमरीच्या रगाड्यातून बाहेर पडणारा माणूस आत गेलेल्या माणसासारखा उरत नाही.

माझ्या मते फसण्याचं याहून मोठं कारण दुसरंच आहे. विरोधकाकडे आपण आपल्याच डोळ्यांनी बघतो. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर पॅट ब्राऊन यांना सान फ्रान्सिस्कोचे रिपब्लिकन माजी महापौर जॉर्ज ख्रिस्टोफर यांची धास्ती होती, म्हणून ख्रिस्टोफर यांच्या दूध व्यवसायातलं जुनं खटल्याचं प्रकरण ब्राऊन यांच्या माणसांनी वर काढलं. ख्रिस्टोफर प्रायमरी हरले आणि ब्राऊन यांना हवा होता तो ‘नट’ समोर आला, रोनाल्ड रेगन. रेगन जवळपास १० लाख मतांनी जिंकले. चौदा वर्षांनी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, अध्यक्ष कार्टर यांच्या गोटालाही तेच रेगन इतरांपेक्षा सोपे वाटले, आणि ते ४४ राज्यं घेऊन गेले. दोन्ही वेळा या लोकांनी रेगन यांचे सिनेमे मोजले. १९५४ ते १९६२ ही आठ वर्षं रेगन जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्या-कारखान्यांतून कामगारांशी बोलत हिंडले होते, ते कुणी मोजलं नाही. कुठल्या वाक्याला माणसं मान डोलावतात ते त्यांना त्या कारखान्यांत उमगलं होतं. ते मोजायचं तर ज्यांना रेगन आवडत होते त्यांच्याजवळ जाऊन बसावं लागलं असतं. ज्या माणसाचं आपल्याला हसू येतं, त्याच्यावर दुसरा का भाळतो हे हसता हसता कळत नाही.

एप्रिल २०१५ मधलं हिलरी क्लिंटन यांच्या गोटाचं टिपण पुढे विकिलीक्समुळे बाहेर आलं. ट्रम्प, क्रूझ आणि कार्सन या रिपब्लिकन इच्छुकांना वर येऊ द्यावं, माध्यमांना त्यांची दखल घ्यायला सांगावं, असं त्यात होतं. त्या टिपणामुळे ट्रम्प उमेदवार झाले असं मी म्हणत नाही, ते स्वतःच्या बळावर झाले. पण ते सोपे जातील असं मानणाऱ्या हुशार माणसांनी एका तरी सभेत शेवटच्या रांगेत उभं राहून ऐकलं होतं का? विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी हिलरी यांच्या हातून गेली, आणि त्यांबरोबर निवडणूकही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. हो, केलं. एकदा.

आमच्या राज्यात मी कुठल्याच पक्षाकडे नाव न नोंदवलेला मतदार आहे. असा मतदार प्रायमरीच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. ९ फेब्रुवारी २०१६. टेबलापाशी बसलेल्या आजींनी विचारलं, कुठली देऊ? मला हिलरी हव्या होत्या, पण त्यांची उमेदवारी मी गृहीत धरली होती. मी रिपब्लिकन मागितली आणि ट्रम्प यांच्यापुढचं वर्तुळ काळं केलं, कारण नोव्हेंबरात ते सर्वात सोपे जातील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. बाहेर पडताना पुन्हा बिनपक्षाचा होण्याचं कार्ड भरून दिलं. ट्रम्प तिथे ३५ टक्के घेऊन जिंकले, दुसरा उमेदवार १६ टक्क्यांवर होता, त्यामुळे माझ्या मताने काही घडलं नाही हे मला ठाऊक आहे.

घरी परतताना गाडीत बायकोने विचारलं, कुणाला दिलंस? मी सांगितलं. कारणही सांगितलं. तिने हिलरींना मत दिलं होतं, आणि त्या रात्री हिलरी आमच्या राज्यात त्यांच्याच पक्षातले प्रतिस्पर्धी सँडर्स यांच्याकडून ६० विरुद्ध ३८ अशा हरल्या. ती एवढंच म्हणाली, “तुझं मत तुझ्या मनातल्या माणसाला का नाही दिलंस?” घर येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला लिहितानाही सुचलेलं नाही.