सावकाश होऊ द्या

गेल्या रविवारी मुलुंड पश्चिमेला एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोघे जेवायला गेलो होतो, असे मी आतापर्यंत चार जणांना सांगितले आहे. खरा प्रकार असा की आम्ही जेवत होतो आणि एक गृहस्थ ते जेवण तपासत होते.

आत जागा मिळायला ५० मिनिटे लागली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रविवारी रात्री साडेआठला उपनगरात बाहेर जेवायला निघालेल्या माणसाने फुटपाथवरच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आपल्या नावाचा पुकारा व्हायची वाट पाहायची असते, हे घरातून निघतानाच ठाऊक असते. आम्हीही काचेतून आतल्या लोकांच्या ताटांकडे पाहत होतो, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. पण मध्ये काच होती, आणि ही काच फार महत्त्वाची आहे.

आमचा गुन्हा एवढाच, की दोघांना चौघांचे टेबल मिळाले. ते मी मागितले नव्हते. कॅप्टननेच हात करून दाखवले. आम्ही टोमॅटो सूप वन बाय टू, पनीर कोल्हापुरी, दाल तडका आणि चार बटर रोट्या मागवल्या. (पनीर कोल्हापुरी नावाचा पदार्थ कोल्हापुरातल्या कुणाच्या घरी शिजतो असे मला वाटत नाही. तिथे तांबडा आणि पांढरा रस्सा असतो. उपनगरात मात्र टोमॅटोच्या लाल रश्शावर एक सुकी मिरची आडवी ठेवली की तो कोल्हापुरी होतो. त्याच पानावरच्या मंचुरियनचा मांचुरियाशी जेवढा संबंध, तेवढाच हा. चिकन मंचुरियनचा जन्म १९७५ मध्ये मुंबईतच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांच्या हातून झाला असे सांगतात, म्हणजे ते निदान स्थानिक तरी आहे.)

सूप आले आणि सुपाबरोबर ते गृहस्थही आले. वय पंचावन्नच्या आसपास, लाल टी-शर्ट, पोटाच्या वर बांधलेला पट्टा आणि हातात गाडीची किल्ली. ते माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीमागे उभे राहिले, तिच्या पाठीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाले, “सावकाश होऊ द्या.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पंगतीत वाढपी दुसऱ्यांदा वरण फिरवत असताना घरचा कर्ता माणूस उपरणे सावरत रांगेतून फिरतो आणि प्रत्येकाला हेच सांगतो. त्यात आग्रह असतो, आपुलकी असते, आणि मठ्ठा अजून यायचा आहे अशी सूचनाही असते. आता लग्नाच्या हॉलमध्येही टेबलखुर्च्या आल्यापासून पुढच्या पंगतीतली मंडळी जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहतात, हे खरे आहे. पण तिथे जेवणारा फुकट जेवत असतो, त्यामुळे त्याने थोडे सोसावे हे न्यायाला धरून आहे. माटुंग्याच्या जुन्या उडुपी हॉटेलांत अनोळखी माणूस समोर येऊन बसतो आणि आपली इडली खातो, त्यातही मला काही वावगे वाटत नाही, कारण तिथे दहा मिनिटांत खाऊन उठायचे हा दोन्ही बाजूंना मान्य असलेला करार असतो. इथे मात्र मंद दिवे होते, वातानुकूलन होते, कापडी रुमालाचा पंखा करून ग्लासात खोचलेला होता आणि एका वाटी डाळीला २३० रुपये होते. हे पैसे डाळीचे नसून निवांतपणाचे आहेत, अशी माझी समजूत होती.

“आम्हाला अजिबात घाई नाही,” गृहस्थ पुढे म्हणाले. “सासूबाई बाहेर स्टुलावर बसल्यात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पण तुम्ही जेवा.”

एवढे ऐकल्यावर कुठला माणूस जेवेल? मी सूप घाईने प्यायलो, जीभ पोळली, आणि बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्याचा अर्थ ‘हळू पी’ असा होता की ‘त्यांना काहीतरी बोल’ असा, हे आमच्यात अजून ठरलेले नाही.

मग त्यांना फोन आला. समोरून त्यांची पत्नी बोलत असावी. त्यांनी आवाज खाली केला नाही. उलट मैदानावरून सामन्याचे धावते वर्णन करावे तसे ते खणखणीत बोलू लागले. “हो, टेबलापाशीच आहे. दोघंच आहेत. सूप संपलं. भाजी आलीय... नाही, भात नाही मागवलेला अजून... रोट्या चार होत्या, अडीच राहिल्यात. काका जरा हळू खातायत, पण काकूंचं होत आलंय.” त्यांच्यात आणि माझ्यात फार तर चार वर्षांचे अंतर असेल. काका कोण, हे कळायलाच मला एक घास लागला.

त्यानंतर त्या उरलेल्या अडीच रोट्यांचे ओझे मी कधी विसरणार नाही. बटर रोटी गार झाली की चामट होते आणि एका हाताने तुटत नाही. एरवी मी दुसरा हात सरळ लावतो. पण वरून कुणीतरी पाहत असताना माणूस उगाच सभ्य होतो. मी एका हाताने झटत राहिलो, रोटीचा तुकडा अचानक सुटला आणि कोल्हापुरीचा एक थेंब पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला. गृहस्थांनी तत्परतेने वेटरला हाक मारली, “अरे, इधर कपडा बदलना पडेगा बाद में.” हे ‘बाद में’ अर्थातच त्यांच्यासाठी होते.

त्यांच्या धाकट्या मुलाने मध्येच आत येऊन रिकाम्या खुर्चीवर आपली पाण्याची बाटली ठेवली आणि तो निघून गेला. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या वंशातलाच तो असावा, फक्त रुमालाऐवजी बाटली. मी त्या बाटलीकडे पाहिले, गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “असू दे हो, तुम्हाला अडचण नाही ना?” मी नाही म्हणालो. माझ्यासारखी माणसे नेहमी नाहीच म्हणतात.

इतक्यात वेटर आला. “और कुछ, सर?” त्याने विचारले. आम्हाला मलई कुल्फी हवी होती. बायकोने ती दुपारपासून मनात धरली होती, किंबहुना घरी वरणभाताचा कुकर न लावता इथवर येण्यामागे कुल्फी हेच मुख्य कारण होते. मी तोंडातला घास गिळेपर्यंत माझ्या उजव्या खांद्याच्या वरून उत्तर गेले, “नाही, नाही, झालंय त्यांचं. बिल ले आओ.” आणि बिल आले! बडीशेपेसकट आले. मला याचा राग आहे. गृहस्थांचे सोडा, त्यांना सासूबाई होत्या. पण ज्या कॅप्टनने आम्हाला बसवले, त्याला कुणाचे जेवण चालू आहे आणि कोण उभे आहे एवढे दिसत नव्हते काय? त्याला ते दिसत होते, आणि सोयीचेही होते.

बिल गृहस्थांनी माझ्या आधी वाचले. पदार्थ आणि पाणी मिळून ९४० रुपये, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ९४ रुपये, आणि एकूण रकमेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,०८५ रुपये ७० पैसे.

“हा सर्व्हिस चार्ज देऊ नका,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच टेबलापलीकडचे काही तरी उमटले. “बंदी आहे.” मी म्हणालो, राहू द्या. “राहू द्या कसं? चला.” त्यांनी माझ्या हातातले बिल घेतले आणि ते काउंटरकडे निघाले. बिल गेल्यावर मला मागे जावेच लागले, आणि मी गेल्यावर पर्स घेऊन बायकोही उठली.

काउंटरवर त्यांनी जे केले, त्याला तोड नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे, हॉटेलवाल्यांच्या संघटनांना त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात मिळालेली स्थगिती, आणि २८ मार्च २०२५ला त्याच न्यायालयाने तत्त्वांच्या बाजूने दिलेला निकाल, हे सारे त्यांनी तारखांसकट सांगितले. फोनमध्ये जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे कात्रणही दाखवले. कॅप्टनने निमूटपणे ९४ रुपये आणि त्यावरचा ४ रुपये ७० पैसे कर वजा केला. मग गृहस्थांना चेव आला आणि छापील किमतीच्या दुप्पट लावलेल्या पाण्याच्या बाटलीकडे त्यांनी मोर्चा वळवला. त्यावर कॅप्टनने बिल छापता छापता, मानही वर न करता सांगितले, “ते चालतं सर. सुप्रीम कोर्ट, डिसेंबर २०१७.” गृहस्थ क्षणभर गप्प झाले. त्या क्षणी मला कॅप्टन जवळजवळ आवडला.

या सगळ्यात दहा मिनिटे गेली. ९८ रुपये ७० पैसे वाचल्याबद्दल मी गृहस्थांचे आभार मानत असतानाच आमच्या पाठीमागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. नवा टेबलक्लॉथ पडला होता, यादीतले पुढचे कुटुंब बसले होते आणि त्यांचा नातू ती पाण्याची बाटली उघडून पीत होता. कॅप्टनने वही फिरवून दाखवली. गृहस्थांच्या आधी त्यात अजून तीन नावे होती, आणि ती पहिल्यापासूनच होती.

गृहस्थांनी वहीकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले, काचेपलीकडे स्टुलावर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिले आणि मग माझ्याकडे वळून मनापासून दुखावल्या स्वरात म्हणाले, “तुम्ही उठायला नको होतं.”

आणि मी ‘सॉरी’ म्हणालो. बायको सोमवारपासून मला एकच विचारते आहे, की सॉरी कशाबद्दल?