ब्रँडी, भावकी आणि व्हर्नियर

सकाळी सहा वाजता गच्चीवर उकिडवे बसून, तोंडात टॉर्च धरून टोमॅटोला मापायचा व्हर्नियर लावणारा माणूस शहाणा दिसत नाही, हे मला कबूल आहे. पण आई जिन्यातून डोके वर काढून म्हणाली, "काय करूलास रे बाबू? आता झाडाला बी कापडं शिवतोस काय?" तेव्हा तिच्या आवाजात चेष्टा कमी आणि काळजी जास्त होती. तोंडात टॉर्च असल्यामुळे मला उत्तर देता आले नाही. तिने देवाचे नाव घेतले आणि खाली गेली.

मी बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात 26 वर्षे क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. फौंड्रीतून कास्टिंग येते, मशीनवर चढते, माझ्या टेबलावर येते. मी मापतो आणि पास किंवा रिजेक्ट म्हणतो. हा स्वभाव घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी चपातीच्या व्यासाबद्दल एक शेरा मारला होता. त्यानंतर मारलेला नाही.

गेल्या गणपतीत बायकोची मावसबहीण बेंगळुरूहून वडगावला आमच्याकडे आली. तिची गच्ची म्हणजे आमच्या बोटॅनिकल गार्डनच्या कल्पनेच्या चार पावले पुढे. तिने मला कागदाच्या चार चिमुकल्या पुड्या दिल्या. चारही पुड्यांवर लिहिले होते 'ब्रँडीवाइन'. मी म्हटले, एकच बी चार पुड्यांत कशाला? तर ती हसली. "भाऊजी, नाव एक, पण वाण वेगळे. एअरलूम आहेत. तुम्ही मापायची कामं करता ना? लावून तुलना करा आणि मला सांगा, कुठला चांगला."

"एअरलूम म्हंजे?" आईने विचारले.

"हायब्रीड नाही आजी. पिढ्यानपिढ्या घरी बी धरून जपलेला."

"म्हंजे जवारी की!"

आमच्याकडे जवारी म्हटले की पुढे बोलायचे कामच उरत नाही. जवारी कोंबडी, जवारी अंडी, जवारी काकडी. मराठी बोलणारा जवारी म्हणतो आणि कन्नड बोलणाराही जवारीच म्हणतो. दोन्हीकडच्यांना बिनतक्रार मान्य असलेले शब्द या भागात फार नाहीत, त्यातला हा एक. आई खूश झाली. पण तिने पुडीवरचे नाव वाचून घेतले आणि घोटाळा झाला.

आई माळकरी आहे. तिच्या तुळशीवृंदावनापासून सहा फुटांवर ब्रँडीचे आणि वाइनचे झाड लावायचे, हे तिला पटेना. मी सांगितले की ब्रँडीवाइन हे एका ओढ्याचे नाव आहे, तो अमेरिकेत पेनसिल्वेनियातून डेलावेअरकडे वाहतो. त्यावर आई म्हणाली, "ज्या मुलखात वड्याला ब्रँडी म्हंतात, तिथली माणसं काय पाणी पीत असतील?" अखेर कुंड्या गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि आईने त्यांना कधी पाणी घालायचे नाही, असा तह झाला.

आता या टोमॅटोंची कुंडली. एका आडनावाची भावकी असते ना, नाव एक, चुली वेगळ्या आणि मूळ वाडा आमचाच म्हणून प्रत्येकाचा दावा, तसा हा मामला. थोरली पाती गुलाबी. ओहायोतल्या बेन क्विझेनबेरी नावाच्या म्हाताऱ्या बियाणेवाल्यांना ते बी डॉरिस सडथ हिल या बाईंनी दिले. टेनेसीत त्यांच्या घरात ते 80 वर्षे लावत आले होते, म्हणून ही 'सडथ'. दुसरी पिवळी. तिसरी 'ओटीव्ही', म्हणजे 'ऑफ द व्हाइन' या छोट्या वार्तापत्राच्या नावाची आद्याक्षरे. ही लाल, पण पिवळीच्या पोटी, कुठल्या तरी परक्या परागातून झालेली. प्रत्येक भावकीत असे एखादे प्रकरण असतेच. चौथीही लाल. ही पेनसिल्वेनियाची आणि आपण एकोणिसाव्या शतकापासून आहोत हा हिचा तोरा. खरे तर पहिल्या तिघींची पाने बटाट्यासारखी, कडेला दाते नसलेली, आणि या चौथीची मात्र आपल्या नेहमीच्या टोमॅटोसारखी करवती. म्हणजे सख्खी आहे की नुसतीच आडनावाची, यावरच वाद घालता येईल.

मी 20 लिटरच्या रंगाच्या 12 बादल्या आणल्या, बुडाला भोके पाडली, खानापूरकडची तांबडी माती आणि येळ्ळूरहून आणलेले शेणखत भरले. प्रत्येक पातीला तीन बादल्या. स्केचपेनची अक्षरे पावसात धुऊन जातात, म्हणून कारखान्यातून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या आणि नंबर पंचने ठोकून अक्षरे उमटवली: स-1, स-2, स-3, पि-1 असे. रजिस्टर घातले. त्यात रकाने आखले. बायको म्हणाली, "आमच्या मुलाच्या उंचीची एवढी नोंद ठेवली नव्हती हो."

पहिला धक्का तिसऱ्या आठवड्यात बसला. स-3 च्या रोपाला दाते फुटले.

सडथच्या पुडीतून आलेल्या रोपाला दातेरी पान? मी बेंगळुरूला फोन लावला. टोमॅटोचे फूल बहुतेक वेळा स्वतःचे स्वतःच निभावते, ती म्हणाली. पण एखादी माशी शेजारच्या झाडाचा पराग घेऊन येते आणि बी संकरित होते. बटाट्यासारखे पान हा दबून राहणारा गुण आहे, करवती पान त्याच्यावर मात करते, त्यामुळे असा घोटाळा रोपातच उघडकीला येतो. "उपटून टाका, भाऊजी. शुद्ध नाही ते."

उपटून टाकायला मी गच्चीवर गेलो. रोप टवटवीत होते. बाकीची अकरा नाजूक पाहुण्यांसारखी मान टाकून उभी आणि हे एकटे ताठ. रिजेक्ट माल भंगारात टाकायच्या आधी वेगळा काढून लाल रंगाचा ठिपका द्यायचा, ही आमची पद्धत. मी बादलीवर लाल ठिपका दिला, रजिस्टरमध्ये 'संशयित' लिहिले आणि खाली आलो.

परतीच्या पावसाने करपा आणला आणि त्यात तीन झाडे गेली. निंबोळी अर्काच्या वासाने पंधरा दिवस गच्चीवर कुणी पापडही घातले नाहीत. पण आमच्या बेळगावची थंडी या झाडांना मानवली. बत्तीस अंशांच्या वर पारा गेला की टोमॅटोची फुले गळतात. इथे नोव्हेंबरात रात्री स्वेटर लागतो. झाडे वाढली. म्हणजे वाढतच सुटली. या जातीला थांबणे माहीत नाही, शेंडा वर वर जातो. आधी काठ्या, मग दोऱ्या, मग कपडे वाळत घालायची तार, मग टाकीचा पाइप. डिसेंबरात स-2 ची फांदी पि-1 मध्ये घुसली, पि-1 ची ओ-3 मध्ये, आणि एके दिवशी त्या गुंत्याच्या मधोमध एक टोमॅटो दिसला, की ज्याचा देठ कुठून निघाला आहे हे पंचवीस मिनिटे शोधूनही कळेना.

सीमाप्रश्नावर विनोद करायचा नाही, असे मी ठरवले होते. पण फळ स-2 च्या बादलीवर लोंबत होते, दोरी पि-1 च्या काठीला होती आणि शेजारच्या अण्णांना निवाड्याला बोलावले तर ते म्हणाले, "महाजन आयोग नेमा री." बायकोचे म्हणणे, जैसे थे ठेवा. मी म्हटले, रंग आला की आपोआप ठरेल. खरा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. टोमॅटो तेवढा थांबत नाही. रंग यायच्या आदल्या दिवशी तो खारीने अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा हिरवाच होता.

जानेवारीत फळे उतरू लागली आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. पहिली सडथ हातात घेतली. 26 वर्षांत माझ्या टेबलावर असा जॉब आलेला नाही. माझ्या व्हर्नियरला 0.02 मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. या फळाला तीन जागी लावला, तर तीन व्यास आले आणि त्यांत 11 मिलिमीटरचा फरक. वरून चपटे, बाजूंनी घड्या, बुडाला कुणीतरी घाईत शिवण घातल्यासारखा तपकिरी वण. खांदे हिरवे आणि बूड मऊ. खांदे पिकायची वाट बघावी तर बूड नासते, बूड बघून तोडावे तर खांदे कच्चे. रजिस्टरमध्ये 'आकार' या रकान्यात मी बराच वेळ पेन टेकवून बसलो आणि शेवटी 'आहे' असे लिहिले.

वजन मात्र 540 ग्रॅम. एक टोमॅटो! 2023 च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती, तेव्हा हा असता तर मी तो लॉकरमध्ये ठेवला असता. आता गणपत गल्लीत चांगले लालबुंद टोमॅटो दहा रुपये किलोने ओरडून विकत होते, आणि माझ्या नऊ झाडांवर खर्च किती झाला तो आकडा मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

चवीची चाचणी रविवारी ठेवली. चार ताटल्या, चार पट्ट्या, मीठ बाजूला. घरचे आणि अण्णा. मी प्रत्येकाला कागद दिला: गोडी, आंबटपणा, रस, साल, दहापैकी गुण. अण्णांनी सडथची फोड खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, "चलो ऐतिरी." म्हणजे छान आहे. पिवळी खाल्ली, "चलो ऐतिरी." ओटीव्ही, लाल, चारही चलो. कागदावर त्यांनी मोबाइल नंबर लिहून दिला. आईने ब्रँडीचे आहे म्हणून तोंडात घातले नाही. खरे सांगायचे तर सडथ अप्रतिम होती. गोड म्हणावी तर आंबट, आंबट म्हणावी तर मागून गोड, आणि गर असा की मिठाकडे हातच जात नाही. मी 'गोडी'च्या रकान्यात आकडा शोधत होतो, तोवर मुलाने उरलेल्या सगळ्या फोडी एकाच ताटलीत ओतून संपवल्या. सोमवारची चाचणी ठेवून दिलेल्या फळांवर होणार होती. सोमवारी कामावरून आलो, तर घरात फोडणीचा वास. चारही पाती एकाच पातेल्यात, वर जिरे आणि कढीपत्ता.

"सारात काय फरक कळतोय हो?" बायको म्हणाली. मी दोन वाट्या प्यायलो. कळत नव्हता.

रजिस्टरचा निकाल असा: पिवळी सहा फळे, ओटीव्ही नऊ, लाल अकरा, सडथ सात. आणि स-3, लाल ठिपक्याचा, उपटून टाकायचा राहिलेला, त्याने 41 दिली. गोल, घट्ट, बुडाला वण नाही. व्हर्नियर लावला, पास. पण कशाचा नमुना म्हणून पास, ते लिहायला रकाना नव्हता.

बी धरायचे ठरले तेव्हा मी सुट्टी टाकणार होतो. प्रत्येकीचा गर वेगळ्या ग्लासात दोन-तीन दिवस आंबवायचा, धुवायचा, सावलीत वाळवायचा, पट्टी बांधायची. ग्लास मांडून मी कारखान्यात गेलो. आंबलेल्या ग्लासांना मुंग्या आणि चिलटे लागली, म्हणून आईने सगळे एकाच चाळणीत धुतले, चुलीच्या राखेत कालवले, वर्तमानपत्रावर वाळवले आणि खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीत भरले. त्यातले मूठभर तिने कडोलीहून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींना दिले. ब्रँडीचे झाड म्हणून पाणी न घालणारी माझी आई मावशींना सांगत होती, "घरचं हाय. जवारी."

बेंगळुरूहून दोनदा फोन आला. मी एकदा मीटिंगमध्ये होतो आणि एकदा होतो असे सांगितले.

परवा मावशी दारात आल्या. टोपलीत ओल्या गोणपाटावर टोमॅटोची रोपे.

"दादा, घ्या की. जवारी हाय. पाच रुपयाला एक."

मी एक रोप उचलून पानाच्या कडेवरून बोट फिरवले. दाते होते. दुसरे उचलले. त्याला नव्हते. तिसऱ्याला होते.

"बघतासा काय एवढं? सगळी एकच हाईत."

मी चार घेतली. वीस रुपये दिले.