सिंहगड हे नाव तानाजींच्या आधीचं

लेख आवडला, पण 'तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला' हे वाक्य खटकलं. शिवाजी महाराजांचं एप्रिल १६६३ चं मोरोपंत आणि निळोपंत या आपल्या कारभाऱ्यांना लिहिलेलं पत्र छापलेलं आहे, त्यात गडाचं नाव स्पष्ट 'सिंहगड' असंच आहे. तानाजी मालुसरे पडले फेब्रुवारी १६७० मध्ये. म्हणजे नाव सात वर्षं आधीचं!

'गड आला पण सिंह गेला' याचंही तेच. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात महाराज म्हणतात, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." सिंह नाहीच! आणि मला विचाराल तर मूळ वाक्यच जास्त चटका लावतं. माणसालाच गड म्हटलंय की हो!

घोरपडीचं म्हणाल तर सभासदाकडे ती नावालाही नाही. तिथे मावळे वानरासारखे कडा चढतात. यशवंती नावाची घोरपड आणली ती शाहिराच्या पोवाड्याने. अर्थात बखरही घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेली, तिच्यातला शब्दन् शब्द प्रमाण मानू नये. पत्राची गोष्ट वेगळी, ते त्या वेळचंच.

मागच्या पावसाळ्यात गडावर पिठलं-भाकरी खाताना हे सगळं मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊजी, घोरपड तरी राहू द्या!" पोवाड्यात राहू दे, माझी काही हरकत नाही. फक्त लेखातलं ते नावाचं वाक्य तेवढं दुरुस्त करा.