स्केन्सचा हात आणि माझ्या पोराचं कोपर

परवा जेवताना माझा बारा वर्षांचा मुलगा डाव्या हाताने वरणभात खात होता. उजव्या हाताला काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही. समोर अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले, एकाएकी लोणच्याची फोड फार काळजीपूर्वक तोडायला लागले. मी उठून गॅरेजमध्ये गेले. भिंतीला जुनी गादी टेकवलेली, गादीवर खडूने काढलेला चौकोन आणि खाली बेसबॉलची बादली. गादीचा तो चौकोन मधोमध खोलगट झालेला होता. आठ दिवस, रोज शंभर बॉल. नोव्हेंबरात, पिट्सबर्गच्या थंडीत.

"त्या मेसेजमध्येच लिहिलंय," अण्णा म्हणाले.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाच्या, पायरेट्सच्या, पॉल स्केन्सला 2025चा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) मान मिळाला आणि दोनच दिवसांत "पायरेट्सला वर काढायचे पाच उपाय" फिरायला लागले. खाली सही: "एक कट्टर फॅन, 1998पासून". आधी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर, मग न्यू जर्सीत, मग थेट मिरजेच्या मावशीकडे, जिने आयुष्यात बेसबॉलचा एक बॉल बघितलेला नाही. ती का फॉरवर्ड करते? कारण उपाय क्रमांक तीनमध्ये भारत आहे. भारत आला की आपल्याकडे पुढचं कुणी वाचत नाही.

पाच उपाय थोडक्यात असे. एक, स्केन्सला विका आणि त्याच्या बदल्यात पाच तरुण खेळाडू घ्या. दोन, विकेपर्यंत त्याला दर तिसऱ्या दिवशी उतरवा, पूर्ण नऊ इनिंग, म्हणजे अख्खा सामना. तीन, भारतातून फास्ट बोलर आणून स्वस्तात पिचर बनवा. चार, मैदानाची उजवीकडची उंच भिंत पाडा, होमरन (थेट भिंतीपार जाणारे फटके) वाढतील. पाच, मालकाने पैसे सोडावेत आणि आणखी एक मोठा पिचर आणावा.

मी क्रमाने जाणार नाही. ज्याने माझ्या घरात नुकसान केलंय त्यापासून सुरुवात.

दर तिसऱ्या दिवशी. मेसेजचं म्हणणं असं की पूर्वीचे पिचर चार दिवसांआड काय, त्याहून लवकर यायचे, आताची पोरं नाजूक झालीत. अण्णांना हे लगेच पटलं. ते स्वतः क्लबसाठी मध्यमगती टाकायचे. त्यांचा हिशोब तयार होता: "कपिल दिवसाला पंचवीस ओव्हर टाकायचा. दीडशे बॉल. 131 कसोट्या खेळला, दुखापतीमुळे एकही चुकवली नाही. हा तुमचा स्केन्स शंभर बॉलांवर बसतो आणि मग पाच दिवस आराम?"

अर्धं खरं आहे, ते आधी देऊन टाकते. 1970च्या दशकापर्यंत संघात चारच मुख्य पिचर आळीपाळीने टाकायचे आणि तीन दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा उभे राहायचे. पण तेव्हा प्रत्येक बॉल जीव काढून टाकत नव्हते. आता टाकतात. मेजर लीगने, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगने, पिचरच्या दुखापतींचा अभ्यास करून डिसेंबर 2024 मध्ये अहवाल काढला. फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 साली ताशी 91.3 मैल होता, 2024 साली 94.2. आणि कोपरं जाण्याची मुख्य कारणं म्हणून त्यांनी जी नावं घेतली ती हीच: वेगाचा हव्यास, बॉल जास्तीत जास्त वळवण्याचा हव्यास आणि प्रत्येक बॉलला पूर्ण ताकद. स्केन्स सरासरी 98 मैलांनी टाकतो, म्हणजे ताशी 158 किलोमीटरच्या आसपास. त्याला दर तिसऱ्या दिवशी उतरवा म्हणणाऱ्याने त्याच संघातल्या जॅरेड जोन्सकडे बघावं. 2024 मध्ये दोघे नवखे एकत्र चमकले आणि मे 2025 मध्ये जोन्सच्या कोपराच्या लिगामेंटवर (हाडं जोडणाऱ्या बंधावर) शस्त्रक्रिया झाली. अख्खा मोसम गेला.

आणि कपिलचं म्हणाल तर अण्णा, बोलिंगमध्ये हात कोपरात 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करायला परवानगीच नाही. खांदा फिरतो, धाव घेऊन आलेलं शरीर जोर देतं, म्हणून आपल्या बोलरची पाठ जाते. बुमराहची पाठच गेली होती ना? 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि 2025च्या इंग्लंड दौऱ्यात त्याला पाचपैकी तीनच कसोट्या खेळवल्या. म्हणजे मोजून टाकायला लावणं क्रिकेटमध्येही आलंच आहे. पिचर मात्र धावत येत नाही. तो दहा इंच उंचवट्यावर उभा असतो, एक पाऊल टाकतो, आणि चाबकासारखा कोपरातून हात सोडतो. सगळा ताण आतल्या बाजूच्या एका बोटभर लिगामेंटवर. ते तुटलं की मनगटातला किंवा मांडीचा स्नायूबंध काढून तिथे शिवतात आणि वर्षभर, कधी जास्त, घरी बसवतात.

आता पोरांचं. मेजर लीग आणि अमेरिकेच्या बेसबॉल संघटनेने मिळून मुलांसाठी "पिच स्मार्ट" नावाची नियमावली केली आहे. मी ती छापून फ्रिजवर लावली आहे, अण्णांच्या गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी. 11-12 वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त 85 बॉल. 66 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस पिचिंग नाही. आणि वर्षातले किमान चार महिने फेकणंच बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. आमच्याकडे हे चार महिने नोव्हेंबरात सुरू होतात. शंभर बॉल, रोज, आठ दिवस, म्हणजे यातला एक नियम मोडलेला नाही, सगळेच मोडलेत. डॉक्टरांनी दाबून बघितलं, फोटो काढला, नशिबाने सूज आहे, फाटलेलं नाही. सहा आठवडे बॉलला हात नाही. त्या कट्टर फॅनला याचं बिल पाठवायची फार इच्छा आहे, पण तो सही करतो, नंबर देत नाही.

आता तो प्रसिद्ध तीन नंबर. भारतातून फास्ट बोलर आणा, गल्लोगल्ली पडलेत, पायरेट्सनेच हे 2008 साली केलं होतं. पुढे रिंकू सिंहचं नाव आणि वर फोटो. फोटो केकेआरच्या रिंकू सिंहचा! अहो, तो डावखुरा बॅट्समन आहे. शेवटच्या ओव्हरमध्ये सलग पाच सिक्सर मारणारा. हा रिंकू वेगळा.

झालं होतं ते असं. 2007-08 मध्ये एका अमेरिकन एजंटने भारतात टीव्हीवर स्पर्धा घेतली: जो सर्वांत जोरात आणि अचूक बॉल फेकेल त्याला बक्षीस. 37 हजारांवर पोरं आली. पहिला आला उत्तर प्रदेशचा रिंकू सिंह, 87 मैलांनी फेकून. त्याच्यासोबत निवडला गेला दिनेश पटेल. दोघांना कॅलिफोर्नियात नेऊन शिकवलं आणि नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सने दोघांनाही करारबद्ध केलं. इथपर्यंत मेसेज बरोबर. मुद्दा पुढे आहे, जो मेसेजने गाळला: दोघांपैकी एकही बोलर नव्हता. दोघेही भालाफेकपटू होते! क्रिकेटच्या देशात हजारो पोरांमधून जोरात फेकणारे दोन निघाले आणि ते निघाले भाल्यातून, कारण भाला खांद्यावरून, कोपर वाकवून फेकतात. बोलर म्हणून वीस वर्षं घोटलेलं सगळं, म्हणजे सरळ हात, रनअप आणि टप्पा, इथे विसरावं लागतं. बेसबॉलमध्ये टप्पा पडला की तो बॉल वाया.

आणि पुढे? रिंकूने जुलै 2009 मध्ये फ्लोरिडातल्या सर्वांत खालच्या लीगमध्ये एक सामना जिंकला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर. हे खरंच मोठं आहे, मी हसत नाही. पण दिनेशला 2010 मध्ये सोडलं. रिंकू दुखापतींशी झगडत क्लास ए या खालच्या पायरीच्या वर कधी गेला नाही आणि 2018 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. त्या दोघांवर हॉलिवूडने सिनेमा काढला. पायरेट्सच्या मुख्य संघाला त्यांच्याकडून एक इनिंगही मिळाली नाही. हे ऐकून अण्णा म्हणाले, "मग नीरज चोप्राला विचारा." मी उत्तर दिलं नाही.

विकण्याचा मुद्दा. इथे मी थोडी मऊ आहे, कारण मोठा खेळाडू देऊन चांगली पोरं घेणारे संघ आहेत. वॉशिंग्टनच्या संघाने 2022 मध्ये ह्वान सोटो दिला आणि त्याबदल्यात जेम्स वूड, सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर मिळवले. सौदा म्हणून उत्तम. तरी 2025 मध्ये वॉशिंग्टन 96 सामने हरलं. पायरेट्सनेही 2018 मध्ये अँड्र्यू मॅकचन देऊन ब्रायन रेनल्ड्स आणला, तेही जमलं. पण त्याच महिन्यात गेरिट कोल ह्यूस्टनला दिला, चार खेळाडू घेऊन. कोलने पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, 326 बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे स्वतःच्या बॉलवर बाद केले. त्या चौघांतला सर्वांत बरा जो मसग्रोव्ह, तोही पुढे सॅन डिएगोला दिला, आणि एप्रिल 2021 मध्ये त्याने तिथे नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट दिली नाही. तेव्हाची मॅनेजमेंट वेगळी होती, कबूल. पण "एक द्या, पाच घ्या" हे भाजी मंडईचं गणित आहे. पाच बरे मिळून एक अव्वल होत नाही, कारण मैदानावर जागा ठरलेल्या असतात.

शिवाय घाई कसली? स्केन्स 2029चा मोसम संपेपर्यंत पायरेट्सचाच आहे. 2025 मध्ये त्याचा पगार होता 8 लाख 75 हजार डॉलर. बेसबॉलमध्ये यापेक्षा स्वस्त सोनं नाही. ज्या एका गोष्टीत मालकाचा फायदा आहे तीच विका म्हणे.

भिंतीवर मी वेळ घालवणार नव्हते. पण पायरेट्सच्या मैदानाची, पीएनसी पार्कची, ती उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण पायरेट्सचा जुना लाडका खेळाडू रोबेर्टो क्लेमेंटे, त्याचा नंबर 21. भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निकाराग्वाला निघालेला तो माणूस 31 डिसेंबर 1972 रोजी विमान कोसळून गेला. एप्रिल 2025 मध्ये त्या भिंतीवरची 21ची खूण काढून दारूची जाहिरात लावली, तर गावभर बोंब झाली आणि संघाला ती परत लावावी लागली. आणि हा म्हणतो भिंत पाडा. 1998पासून काय, हा पिट्सबर्गला कधी उतरला असेल की नाही याचीच शंका आहे. शिवाय भिंत बुटकी झाली की समोरच्यांचे होमरनही वाढणार, हे तरी कळायला हवं. आपली जमेची बाजू पिचिंग आहे.

राहिला मालक. हा मुद्दा बरोबर आहे, आणि त्या मेसेजमध्ये आहे म्हणून मला तो मान्य करायला जड जातंय. बॉब नटिंग खर्च करत नाहीत. बेसबॉलमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा पगारखर्च पायरेट्सच्या तिपटीहून जास्त आहे. 2025पर्यंत पायरेट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार होता रेनल्ड्सचा, आठ वर्षांचे 106.75 दशलक्ष डॉलर. न्यूयॉर्कच्या मेट्सने एकट्या सोटोला 765 दशलक्ष दिले. संघ 2015 नंतर प्लेऑफला गेलेला नाही, वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, 1979 नंतर नाही. मैदानात लोक "सेल द टीम" ओरडतात तेव्हा मीही ओरडते, मुलासमोर. पण मिलवॉकी आपल्याएवढंच छोटं शहर आहे आणि 2025 मध्ये सगळ्यांत जास्त, 97 सामने त्यांनी जिंकले. म्हणजे पैसा किती याच्याइतकंच तो कशावर, हेही आहे. आणि मेसेजवाल्याला तो हवाय आणखी एका पिचरवर.

अण्णांना मी शेवटी स्कोअरकार्डच दाखवलं. स्केन्सने नऊ इनिंगमागे सरासरी 1.97 रन दिले, अख्ख्या लीगमध्ये त्याच्याइतकं कमी कुणी नाही. तरी त्याची नोंद 10 विजय, 10 पराभव. कारण त्याच्या संघाने 30 संघांत सगळ्यांत कमी रन काढले, सगळ्यांत कमी होमरन मारले. अण्णांनी चष्मा वर केला, कागद खिडकीकडे धरला, दोनदा वाचला.

"मग बॅटर आणा की," ते म्हणाले.

पाच उपायांत हा एक कुठेही नव्हता. गॅरेजमधली बादली मी वरच्या फळीवर ठेवली आहे, अण्णांचा हात पुरत नाही तिथे.