ताजमहाल, धुकं आणि चौदा बाळंतपणं

लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून डिसेंबरात बायकोला ताजमहाल दाखवायला नेलं. माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं. पहाट, कोवळं ऊन, आम्ही दोघं, मागे ताज. त्या चित्रात तिसरं माणूस नव्हतं.

सकाळी सातला आत शिरलो तर ताजच नव्हता! समोर नुसतं धुकं. त्याआधी तपासणीच्या रांगेत बायकोच्या पर्समधली चिक्की बाहेर काढायला लावली होती, खायचं काही आत नेता येत नाही म्हणे. म्हणजे उपाशीपोटी, कानटोपी घालून, आम्ही धुक्याकडे बघत उभे. एक फोटोवाला धीर देत होता, "सर, दस बजे तक दिख जाएगा."

दहाला दिसला खरा. पण तोवर अख्खा देश आत आला होता. घुमट चिमटीत धरल्याचा फोटो काढायला माणसं ओट्यांवर चढलेली. १९९२ साली ब्रिटनची युवराज्ञी डायना ज्या बाकावर एकटी बसली होती, त्या बाकासमोर ही गर्दी. मला गंमत वाटते. तो फोटो गाजला तो मोडत आलेल्या संसाराचा म्हणून, त्याच वर्षी ती आणि नवरा चार्ल्स वेगळे झाले. आणि नवी जोडपी तिथेच बसायला एकमेकांना ढकलतायत. आम्हीही बसलो. फोटोत माझे डोळे मिटलेत आणि कोपऱ्यात कुणाची तरी कोपर आलीय.

आत कबरीपाशी जायला वेगळे दोनशे रुपये. तिथे अंधार, शिट्ट्या आणि "चलते रहो". आपण जाळीतून बघतो त्या खऱ्या कबरी नाहीतच, खऱ्या खाली तळघरात आहेत. मुमताजच्या कबरीची प्रतिकृती बरोब्बर मधोमध आणि शाहजहानची नंतर शेजारी बसवलेली. एवढ्या काटेकोर इमारतीत नवऱ्यानेच काय तो तोल बिघडवला, हे बायकोला फार आवडलं.

मागच्या बाजूला, यमुनेकडे, जरा मोकळं होतं. तिथे ती भिंतीतल्या दगडी फुलांवरून बोट फिरवत बराच वेळ उभी राहिली. दिवसभरात तेवढी दहा मिनिटं मी मनात धरलेल्या चित्राच्या जवळपास गेली. हो, सुंदर आहे. ते नाकारत नाही.

मग ती म्हणाली, "अहो, ही आमच्याकडे गेली ना?"

बायकोचं माहेर भुसावळ. मुमताज गेली १६३१ साली बुऱ्हाणपूरला, म्हणजे भुसावळच्या शेजारीच. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर होता आणि चौदाव्या बाळंतपणात ती गेली, वय अडतीस. आधी तिला तिथेच तापीकाठी पुरलं, काही महिन्यांनी आग्र्याला आणलं. लहानपणी हे सगळं आम्ही "अमर प्रेम" या दोन शब्दांत गुंडाळलेलं ऐकलं. त्याच सुमाराच्या दुष्काळात इकडे देहूत तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. तिचं नाव आज किती जणांना सांगता येईल? मला तरी गूगल करावं लागलं. रखमा.

बायको मात्र वेगळाच हिशोब करत होती. "लग्न कधी झालं होतं?"

"१६१२."

"एकोणीस वर्षांत चौदा. त्यातली सात गेली. वर नवऱ्यामागे लढायांना हिंडायचं." जरा थांबली. "कधी धड झोपली तरी असेल का हो ही बाई?"

मला उत्तर सुचलं नाही. बाहेर आलो, चिक्की परत घेतली, पेठा घेतला.

परतीच्या गाडीत रात्री जाग आली तेव्हा बाहेर बुऱ्हाणपूरची पाटी होती. मी तिला हलवलं. "अगं, बुऱ्हाणपूर आलं."

"झोपू द्या हो," म्हणाली आणि शाल डोक्यावर ओढून घेतली.