बद्द की खणखणीत

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा रात्रभर जुंपली होती. बेळगावच्या उद्यमबागेतल्या चुलतभावाने फाउंड्रीत कास्टिंग तपासायला एआयचं यंत्र घ्यायचं ठरवलंय. पडद्यावर इंग्रजी आणि कन्नड आहे, मराठी नाही. झालं! एक काका म्हणाले, महाजन अहवालापासून सोसतोय, आता मशीनचंही ऐकून घ्यायचं काय? दुसऱ्या काकांना कामगारांचा पुळका आला. त्यांनी स्वतः फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, धुळीत अर्धा तास काढलेला नाही. इथे जर्मनीत लेट झालेल्या एस-बानची, म्हणजे लोकलची, वाट बघत मी हे वाचलं आणि डोकं फिरलं. अरे, त्या यंत्राला शिकवणार कोण, ते विचारा की कुणीतरी!

माझं पोट याच कामावर चालतं. ओतलेल्या भागाला टोला द्यायचा, मायक्रोफोनने नाद पकडायचा आणि मॉडेलने सांगायचं: ई-ओ (ठीक) की एन-ई-ओ (ठीक नाही). तडा असला की भागाचा ताठपणा कमी होतो, नाद खाली उतरतो, लवकर विझतो. आमचे अप्पा हेच हातोडीने करायचे. कास्टिंग टांगून एक टोला. खणखणीत वाजलं तर पुढे. 'बद्द' म्हणाले की रिजेक्शनच्या ढिगात. माझ्या पहिल्या डेटाच्या फोल्डरला मी तेच नाव दिलं होतं. सहकाऱ्यांना वाटलं, गड्याला 'बॅड' नीट लिहिता येत नाही.

विकणारा भावाला एक गोष्ट सांगणार नाही. यंत्र उदाहरणांवर शिकतं, आणि बऱ्या फाउंड्रीत खराब माल मुळात थोडा. इथे एकच ब्रॅकेट वर्षभर लाखांनी निघतो, म्हणून भागतं. उद्यमबागेत आज पंपाची बॉडी शंभर नग, उद्या व्हॉल्वची पन्नास. पॅटर्न बदलला की नाद बदलला, शिकवणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि शिकवणीत काय राहून जाईल त्याचा नेम नाही. एका जानेवारीत सोमवारी सकाळी आमच्या मॉडेलने अख्खा लॉट एन-ई-ओ ठरवला. आम्ही चौघे इंजिनिअर लॅपटॉपला डोळे लावून बसलो. निवृत्तीला आलेला तपासनीस आला, भागावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "गार आहे." माल शनिवार-रविवार उघड्यावर पडला होता. गार लोखंड जास्त ताठ, नाद चढा. तापमान नावाची गोष्ट आम्ही मॉडेलला सांगितलीच नव्हती.

म्हणून ग्रुपवर लांबलचक लिहिलं: टोला मारून तपासणाऱ्या मेस्त्रींना काढू नका, यंत्राच्या शिकवणीला बसवा. आमच्याकडे बेट्रीप्सराटला, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या समितीला, विचारल्याशिवाय असं काही हॉलमध्ये येत नाही. 2021 च्या कायद्यापासून एआयचा विषय निघाला की त्यांना आपला तज्ज्ञही बोलावता येतो. आणि तुम्ही पडद्याच्या भाषेवरून रात्री जागवता!

पाठवल्यावर आठवलं. इथे मशीन विकायचं तर वापराचं पुस्तक जर्मनमध्ये द्यावंच लागतं, तसा 2006 चा युरोपीय निर्देश आहे. नुसता इंग्रजी पडदा आला तर आमच्या हॉलमधली माणसं खोक्याची पट्टीसुद्धा कापणार नाहीत. त्याला मी सुरक्षितता म्हणतो. बेळगावात कुणी तेच मागितलं की माझ्या तोंडी 'राजकारण' येतं. हे काही मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आणि लिहायला तोंड तरी कुठलं? 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत अप्पांच्या खांद्यावर बसून गेलेला मी. दोन वर्षांपूर्वी नागरिकत्वाच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, जन्मगाव 'बेलगाम' लिहू की 'बेळगावी'? एका कागदावर 2014 च्या आधीचं नाव होतं, एकावर नंतरचं. मी म्हटलं, तुम्हाला सोपं पडेल ते. घरी पोचेपर्यंत कान गरम होते.

काल भावाने मला एकट्याला ऑडिओ पाठवला. हातोडीचे तीन टोले, मागे भट्टीची घरघर, कुणीतरी "थांब गा" म्हणतंय. खाली प्रश्न: सांग, बद्द की खणखणीत? हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी कापल्या जातात, भागाचं वजन माहीत नाही, तापमान माहीत नाही, असं सगळं सविस्तर कळवलं.

"राहू दे," त्याचं उत्तर आलं. "मेस्त्रींना विचारलं."