मराठवाड्याच्या पाण्यातील नायट्रेटविषयी आपण केव्हा बोलणार?

मराठवाड्यात पाण्याविषयी बोलायचे म्हणजे पाणी किती आहे याविषयीच बोलायचे, असे ठरून गेल्यासारखे झाले आहे. जायकवाडीत किती टक्के साठा आहे, टँकरच्या किती खेपा होतात, बोअरला किती फुटांवर पाणी लागले, हे आपण तोंडपाठ सांगतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या गावच्या विहिरीत दर लिटरमागे नायट्रेट, म्हणजे नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप, किती आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारलेला मी अद्याप ऐकलेला नाही. तो विचारला गेलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते. जमिनीत गेल्यावर त्याचे अमोनियम होते आणि मातीतील जीवाणू त्या अमोनियमचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. पिकाला ते हवेच असते. प्रश्न आहे तो पिकाने न घेतलेल्या भागाचा. काळ्या मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असल्यामुळे धन भाराचे अमोनियम त्यांना धरून राहते, मात्र नायट्रेटवरही ऋण भारच असल्यामुळे माती त्याला अडवू शकत नाही आणि ते पाण्याबरोबर खाली उतरते. त्यातच आपली जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते, त्यामुळे पहिल्या जोरदार पावसाचे पाणी भेगांतून थेट मुरमापर्यंत जाते आणि तिथून बेसाल्टच्या फटींमधून विहिरीला मिळते. विहिरीलगतचे उकिरडे, गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतील नत्रही याच वाटेने येते. किनवट भागातील पाण्यात फ्लोराइड येते ते खडकातून. नायट्रेट मात्र मुख्यतः आपणच वरून घातलेले असते, म्हणून त्याची जबाबदारीही आपल्याकडे येते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, आणि दुसरा स्रोत नसला तरी या मर्यादेत सूट दिलेली नाही. या कठोरपणामागे तान्ही बाळे आहेत. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन निळसर पडलेल्या अर्भकांची नोंद केली. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या जठरात आम्ल कमी असते, त्यामुळे तेथे जीवाणू टिकतात आणि ते नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तात जाऊन हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते, आणि असे बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरातील विकर (एन्झाइम) ही बिघडलेली स्थिती पूर्ववत करत राहते. बाळाच्या शरीरात ते पुरेसे तयार झालेले नसते. ओठ आणि नखे निळी पडतात, रक्त तपकिरी दिसते, आणि उपचार वेळेत मिळाले नाहीत तर बाळ दगावू शकते. निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला हा धोका फारसा नसतो, वरचे दूध पाण्यात कालवून दिले जाते तेथे तो असतो. आणि सर्वांत काळजीची गोष्ट अशी की, पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. बाळासाठी पाणी मुद्दाम जास्त वेळ उकळणारी आजी काळजीपोटीच ते करत असते, पण ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नसते.

जनावरांचेही असेच आहे. गाई-म्हशींच्या पोटातील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट झपाट्याने करतात. पावसाच्या ताणात वाढलेल्या ज्वारीच्या ताटात, विशेषतः बुडख्याकडे, नायट्रेट साठते, आणि अशा वैरणीच्या जोडीला पाणीही तसेच असेल तर दोन्हींचा भार एकाच शरीरावर पडतो.

आपल्याकडे पाणी शुद्ध करणे म्हणजे टीसीएल, अर्थात ब्लीचिंग पावडर, टाकणे. जलसुरक्षकाचे ते काम अत्यंत मोलाचे आहे, कारण त्याने रोगजंतू मरतात, परंतु नायट्रेटवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देते, त्यात नायट्रेटचा वाटा किती हे त्यावरून कळत नाही. आरओने नायट्रेट बरेच कमी होते, पण रोज जार विकत घेणे मजुरी करणाऱ्या घराला परवडणारे नाही.

याचा दोष शेतकऱ्यावर ढकलणे मला मान्य नाही. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि स्फुरद-पालाशाची खते तिच्या कितीतरी पट महाग पडतात, तेव्हा हात युरियाकडेच जाणार. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामुळे नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो. तरीही मात्रा अवाजवी असेल तर लेप किती पुरणार? सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्वतः बांधतात, आणि त्या पिकालाही आपण युरियाचा जादा हप्ता देतो. कृषी सहायकांनी हे बांधावर येऊन सांगितले पाहिजे आणि खताच्या दरातील ही तफावत सरकारने कमी केली पाहिजे.

ग्रामपंचायतीकडून माझी मागणी साधी आहे. पिण्याच्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची नायट्रेट तपासणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी, आलेला आकडा तारखेसह कार्यालयाच्या फलकावर लिहावा, आणि जेथे तो ४५ च्या वर असेल तेथे तान्हे बाळ असलेल्या घरांना दुसऱ्या स्रोताचे पाणी आशाताईंमार्फत त्याच आठवड्यात सुरू करावे.